ड्युटी कोण लावतं?

प्रश्न : मी एका पोलीस ठाण्याचा प्रभारी अधिकारी आहे. हाताखाली साठ-पासष्ट माणसं. वर्षभरात तिघांना रक्तदाबाच्या गोळ्या सुरू झाल्या. एकाच्या ड्युटीवरच छातीत दुखायला लागलं, वेळेत दवाखान्यात नेलं म्हणून वाचला. एक चांगला अंमलदार तक्रार द्यायला आलेल्या म्हाताऱ्यावर असा ओरडला की मलाच लाज वाटली. त्याचा कसुरी अहवाल, म्हणजे चुकीचा लेखी अहवाल, वर पाठवला. दुसरा एक सारखा सिकमध्ये असतो, म्हणजे आजारपणाच्या रजेवर. लहान मुलाच्या मृतदेहाचा पंचनामा केल्यापासून एक तरुण हवालदार कुणाशी धड बोलत नाही. वरून आदेश आला म्हणून ताणतणाव व्यवस्थापनाचं शिबिर घेतलं. रविवारी सकाळी, हजेरी सक्तीची. वक्ते उत्तम होते, पण फरक काही पडला नाही. ही पिढीच कच्ची आहे की माझं काही चुकतंय? आणखी काय करू? माझं स्वतःचं ठीक आहे. रात्री साडेबारा-एकला घरी जातो, पाचला उठतो. बायको म्हणते फार घोरता. मीटिंगमध्ये कधीतरी डोळा लागतो, एवढंच.

उत्तर :

ठाणेदार साहेब,

शिबिरापासूनच सुरुवात करते. रविवारी सकाळी, हजेरी सक्तीची. म्हणजे रात्रपाळी संपवून काही जण थेट तिथं येऊन बसले असणार आणि काहींची साप्ताहिक सुट्टी त्यात गेली असणार. वक्ते दीर्घ श्वास घ्यायला सांगत होते, तेव्हा मागच्या रांगेतला माणूस घरी पोहोचायला किती वाजतील आणि संध्याकाळच्या गस्तीआधी किती झोप मिळेल याचा हिशोब करत होता. अशा शिबिरानं फरक पडला असता तरच मला नवल वाटलं असतं.

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. आजार, राग, रजा, शिबिर, सगळं त्यात आहे. ड्युटी कोण लावतं आणि कशी लावतं, याबद्दल मात्र एक ओळही नाही. तुमच्या प्रश्नाचं निम्म्याहून अधिक उत्तर मला तिथंच दिसतं.

पोलिसांचा ताण म्हटला की लोकांच्या डोळ्यांपुढे दंगल, गोळीबार, प्रेतं येतात. हा ताण मोजणाऱ्यांनी मात्र दोन याद्या वेगळ्या केल्या आहेत. कॅनडातल्या मॅक्रिअरी आणि थॉम्पसन यांनी 2006 मध्ये पोलिसांसाठी प्रत्येकी वीस कलमांच्या दोन प्रश्नावल्या प्रसिद्ध केल्या. पहिली कामातून येणाऱ्या ताणाची : पाळ्या, रात्री एकट्यानं काम, जखमी होण्याची भीती, भीषण प्रसंग. दुसरी खात्याच्या कारभारातून येणाऱ्या ताणाची. तिच्यातली काही कलमं ऐका. माणसागणिक नियम वेगळे असल्याची भावना. कामाची असमान वाटणी. स्वतःचा मोकळा वेळ ‘स्वेच्छेनं’ देण्याचा दबाव. वरिष्ठांना फक्त चुकाच दिसणं. आजारी पडलं की सहकाऱ्यांनी तुच्छतेनं बघणं. ही यादी वाचताना तुमचं रविवारचं शिबिर आणि ‘सारखा सिकमध्ये असतो’ हे वाक्य आठवलं नाही तर परत वाचा. वेगवेगळ्या देशांतल्या पोलिसांकडून पुन्हा पुन्हा हेच ऐकू येतं की दुसऱ्या यादीतला ताण पहिलीइतकाच, पुष्कळदा जास्त बोचतो. चोर-दरोडेखोर तर असायचेच, त्यांच्यासाठीच आपण भरती झालो हे माणसानं मनोमन स्वीकारलेलं असतं. उद्या सुट्टी आहे की नाही हे रात्री अकरापर्यंत कळत नाही, हे मात्र कुणीच स्वीकारत नाही.

त्यामागचं शरीराचं गणित सरळ आहे. धोका समोर आला की रक्तदाब चढतो, साखर वाढते, स्नायू ताणले जातात. धोका गेला की सगळं खाली यायला हवं. रात्रीच्या झोपेत रक्तदाब दिवसाच्या मानानं साधारण 10 ते 20 टक्के उतरतो आणि तेवढीच हृदयाला विश्रांती. ज्याचा फोन कधीही वाजू शकतो आणि वाजल्यावर ‘येतो साहेब’ एवढंच म्हणायची मुभा आहे, त्याचं शरीर धोका टळल्याची खूण ओळखतच नाही. पाळ्या उलटसुलट असतील तर उतरायची वेळसुद्धा ठरत नाही. वर्षानुवर्षं असं चाललं की गोळ्या लागतात. तुमच्या तिघांना लागल्या. किती जणांनी अजून तपासूनच घेतलेलं नाही हे तुम्हाला माहीत नाही.

आता म्हाताऱ्यावर ओरडलेला अंमलदार. त्याचा कसुरी अहवाल पाठवण्याआधी त्याच्या मागच्या आठ दिवसांच्या ड्युट्या काढून पाहिल्या होत्या का? अमेरिका आणि कॅनडातल्या 4957 पोलिसांची झोप तपासणारा एक मोठा अभ्यास 2011 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातल्या 40 टक्क्यांच्या चाचणीत झोपेचा कुठला ना कुठला विकार असल्याचं दिसलं. पुढं ज्यांच्यावर लक्ष ठेवलं त्यांच्यापैकी असा विकार असलेल्यांच्या हातून कागदोपत्री चुका जास्त झाल्या, थकव्यामुळे सुरक्षेचे नियम जास्त मोडले गेले आणि संशयितांवर किंवा नागरिकांवर अनावर राग काढण्याचं प्रमाणही जास्त निघालं. उद्धटपणाला शिक्षा देऊच नका असं मी म्हणत नाही. म्हाताऱ्या माणसाचा अपमान झालाय, त्याची भरपाई झालीच पाहिजे. पण सलग तीन रात्री जागलेल्या माणसाला तक्रार घ्यायला बसवणाऱ्याचं नाव त्या अहवालात कुठंच येत नाही, हे मला खटकतं.

ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी 1997 मध्ये दाखवून दिलं की सलग 17 तास जागं राहिल्यावर हात-डोळ्यांचं काम रक्तात 0.05 टक्के मद्य असल्यासारखं बिघडतं आणि चोवीस तासांनी ते 0.10 टक्क्यांच्या पातळीवर जातं. नाकाबंदीवर मद्यपी चालकांच्या तोंडाला यंत्र लावणारा तुमचा माणूस स्वतः किती तास जागा असतो, हे एकदा मोजा.

‘मनुष्यबळ कमी आहे’ असं तुम्ही म्हणाल आणि ते खरंच असणार. ते मी वाढवू शकत नाही, तुम्हीही नाही. पण आहेत त्याच माणसांत काय करता येतं याचे दोन पुरावे देते, दोन्ही पोलिसांवरचेच. स्टॉकहोममध्ये पंचेचाळीस पोलिसांच्या पाळ्यांचा फक्त क्रम बदलून पाहिला. घड्याळाच्या उलट फिरणाऱ्या पाळ्या सुलट केल्या, म्हणजे सकाळ, मग दुपार, मग रात्र. माणसं तीच, कामही तेच. 1983 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात सुलट क्रमाच्या काळात वरचा रक्तदाब, रक्तातली साखर आणि ट्रायग्लिसराइड्स (रक्तातली एक चरबी) कमी भरले. रात्रपाळीनंतर आठ तासांत दुपारची पाळी लावणं आणि दुपारनंतर रात्र लावणं यात कागदावर फरक दिसत नाही, रक्तात दिसतो. दुसरा प्रयोग अमेरिकेतल्या डेट्रॉइट आणि आर्लिंग्टन इथल्या पोलिसांवर झाला. चिठ्ठ्या टाकाव्यात तशी आठ, दहा आणि बारा तासांच्या पाळ्यांत माणसं वाटली. 2011 मध्ये निष्कर्ष आले तेव्हा दहा तासवाल्यांची रोजची झोप आठ तासवाल्यांपेक्षा अर्ध्या तासाहून जास्त भरली आणि त्यांचा ओव्हरटाइमही कमी झाला. बारा तासवाले मात्र पेंगुळलेले आणि कमी सावध निघाले. तुमच्याकडे आठच्या नावाखाली बारा आणि बाराच्या नावाखाली सोळा तास होत असतील, तर आधी नावाप्रमाणे तास आणा.

म्हणून माझं मागणं असं. ड्युटी लावणाऱ्या हवालदाराला बोलवा, दार लावून घ्या आणि गेल्या दोन महिन्यांचं रजिस्टर दोघं मिळून वाचा. कुणाच्या वाट्याला सगळ्यात जास्त रात्री आल्या? कुणाची साप्ताहिक सुट्टी सलग कापली गेली? बंदोबस्तात नेहमी तीच आठ नावं का? ‘तो नाही म्हणत नाही’ हे उत्तर मिळेल. नाही न म्हणणाराच एक दिवस छाती धरून खाली बसतो. पुढच्या दोन आठवड्यांच्या ड्युट्या आधीच फळ्यावर लावा. बदलाव्या लागतीलच, तुमचं खातं तसंच आहे. पण कुणाची सुट्टी कापली तर त्याच वेळी बदली सुट्टीची तारीख त्याच्या नावापुढे लिहा आणि ती पाळा. दोन अंमलदारांनी आपसात पाळी बदलली तर आडकाठी करू नका. स्वतःच्या आठवड्याचा एवढा तुकडा हातात आला तरी माणसाचा ताण उतरतो. युरोपीय संघाच्या कायद्यात दोन दिवसांच्या कामामध्ये सलग 11 तास विश्रांती धरलेली आहे. तुमच्यावर तो बंधनकारक असो-नसो, मोजपट्टी म्हणून वापरायला हरकत नाही.

आणि बंदोबस्त. बडे साहेब दहाला येणार म्हणून उपअधीक्षक नऊला, म्हणून तुम्ही आठला आणि म्हणून अंमलदार पहाटे सहापासून रस्त्यावर. प्रत्येक पायरीवर कुणीतरी आपली पाठ राखायला तासभर वाढवतो आणि सगळे तास शेवटच्या माणसाच्या पायात उतरतात. तुमच्या पायरीवरचा तासभर तरी तुम्ही कापू शकता. त्याबद्दल बोलणी खावी लागली तर ती खाण्यासाठीच खांद्यावर तारे आहेत.

हृदयाबद्दल थोडक्यात, पण नीट वाचा. अमेरिकेत 1984 ते 2010 या काळात ड्युटीवर अचानक हृदय थांबून गेलेल्या 441 पोलिसांच्या नोंदी संशोधकांनी तपासल्या. नेहमीच्या साध्या कामाच्या तुलनेत झटापटीत किंवा आरोपीला आवळताना हा धोका 34 ते 69 पट, पाठलागात 32 ते 51 पट आणि शारीरिक प्रशिक्षणात 20 ते 23 पट निघाला. महिनोन्‌महिने खुर्चीत किंवा गाडीत बसलेलं शरीर एका मिनिटात धावायला लागतं, तिथं हे घडतं. म्हणून चाळिशीपुढच्या माणसाला वार्षिक चाचणीच्या आदल्या आठवड्यात मैदानावर पळायला लावू नका. आधी रक्तदाब, साखर, चरबी, कंबरेचा घेर तपासा, मग चालण्यापासून हळूहळू सुरू करू द्या. तपासणीचे आकडे त्या माणसाचे, ठाण्याच्या फळ्याचे नाहीत. आणि छातीत दुखतंय म्हणणाऱ्याला ‘गॅस असेल’ असं कुणीही म्हणायचं नाही, हे हजेरीला एकदा स्पष्ट सांगून टाका.

तरुण हवालदाराबद्दल मला सगळ्यात जास्त काळजी वाटते. तुमच्या पत्रात तो एका ओळीत येऊन जातो.

त्याला सगळ्यांसमोर बसवून ‘मन मोकळं कर’ म्हणू नका. भीषण प्रसंगानंतर लगेच सगळं तपशिलात बोलून घेण्याची एक पद्धत जगभर लोकप्रिय होती. अभ्यासांचा 2002 मध्ये एकत्रित आढावा घेतला तेव्हा अशा एकाच बैठकीनं पुढचा मानसिक आघात टळतो असं दिसलं नाही. काहींना तर त्रास जास्त झाला. तुम्ही स्वतः त्याच्याकडे जा, तुमच्या केबिनमध्ये बोलावू नका. केबिनमध्ये बोलावणं म्हणजे काय, हे तुमच्या ठाण्यात सगळ्यांना ठाऊक आहे. ‘त्या पंचनाम्यानंतर तू गप्प झालायस, माझ्या लक्षात आलंय’ एवढं म्हणा आणि थांबा. झोप लागते का, तेच दृश्य डोळ्यांपुढे येतं का, त्या रस्त्यानं जाणं टाळतोस का, दारू वाढलीय का, घरी स्वतःच्या मुलाला जवळ घेतोस का, हे विचारा. रजा हवी की कामावर राहणं बरं वाटतं, हेही विचारा. दोन्ही उत्तरं बरोबर असू शकतात. लहान मुलाचं पुढचं प्रकरण काही दिवस त्याच्याकडे देऊ नका आणि ते कुणाला जाणवणार नाही अशा रीतीनं करा.

पहिल्या काही आठवड्यांत असा त्रास होणं स्वाभाविक असतं, बहुतेकांचा आपोआप ओसरतो. महिना उलटूनही तो तसाच असेल, तर मानसोपचार तज्ज्ञाकडे जायलाच हवं. आघातावर नेमके उपचार आहेत : आघाताभोवती बेतलेली वर्तन-विचार उपचारपद्धती आणि डोळ्यांच्या हालचालींच्या साह्यानं होणारी ‘ईएमडीआर’. दोन्ही पुराव्यांवर उतरल्या आहेत. नुसत्या झोपेच्या गोळ्यांवर वर्ष काढू देऊ नका.

आणि एक प्रश्न स्पष्ट शब्दांत विचारा : जीव द्यावासा वाटतो का? विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरतो हा गैरसमज आहे. उलट कुणीतरी विचारलं याचाच सुटकारा वाटतो. उत्तर ‘हो’ असेल, किंवा ‘नाही’ म्हणताना नजर चुकवली असेल, तर त्याला एकटं सोडू नका, घरच्यांना विश्वासात घ्या आणि त्याच दिवशी डॉक्टरकडे न्या. तोवर हत्यार त्याच्या कमरेला नको. इस्रायली सैन्यानं 2006 मध्ये शनिवार-रविवारी घरी जाणाऱ्या सैनिकांना बंदुका तळावरच ठेवायला लावल्या, तेव्हा आत्महत्यांचं प्रमाण सुमारे 40 टक्क्यांनी घटलं. तीव्र क्षण टळला की पुष्कळ माणसं वाचतात. पण हत्यार जमा करणं शिक्षेसारखं झालं, त्याची कुजबुज झाली, तर पुढचा कुणी तोंडच उघडणार नाही. सात-आठ जणांच्या ड्युट्या एकदम बिनहत्यारी लावा, त्यात तो एक. तुमच्यासारख्याला अशी युक्ती शिकवायला नको.

हे सगळं भाबडं वाटत असेल तर कॅनडातल्या माँट्रियल पोलिसांचं उदाहरण घ्या. तिथं 1997 मध्ये एक कार्यक्रम सुरू झाला. सगळ्या युनिटांना अर्ध्या दिवसाचं प्रशिक्षण, तुमच्यासारख्या पर्यवेक्षकांना आणि संघटनेच्या प्रतिनिधींना पूर्ण दिवसाचं, शिवाय पोलिसांनीच पोलिसांसाठी चालवलेली गोपनीय दूरध्वनी सेवा. पुढच्या बारा वर्षांत तिथलं पोलिसांच्या आत्महत्यांचं प्रमाण 79 टक्क्यांनी खाली आलं. त्याच प्रांतातल्या इतर पोलीस दलांत अशी घट झाली नाही. माँट्रियलमध्ये गुन्हे काही कमी भीषण नव्हते. फरक एवढाच की आपल्या शेजारी बसणाऱ्या माणसाकडे काय बघायचं, हे हवालदारापासून अधिकाऱ्यापर्यंत सगळ्यांना शिकवलेलं होतं. तुमच्या ठाण्यात हा कार्यक्रम उद्या येणार नाही. पण जुन्या, तोंडाला कुलूप असलेल्या, तरुणांना आवडणाऱ्या दोन हवालदारांना हाताशी धरून तुम्ही सुरुवात करू शकता. असे दोघे प्रत्येक ठाण्यात असतात.

पिढी कच्ची आहे का, या प्रश्नावर फार वेळ घालवत नाही. आधीची पिढी बोलली नाही, एवढंच. ती काय करत होती हे तिच्या बायकांना विचारावं आणि निवृत्तीनंतर दोन-तीन वर्षांत गेलेल्यांची नावं तुम्हालाही आठवत असतील.

आता तुमचं. ‘ठीक आहे’ म्हणून तुम्ही ज्या तीन गोष्टी सांगितल्यात त्या मी डॉक्टर म्हणून ऐकते आहे : चार तास झोप, जोरात घोरणं, मीटिंगमध्ये डोळा लागणं. मघाच्या 4957 पोलिसांच्या अभ्यासात सगळ्यात जास्त सापडलेला विकार होता झोपेत श्वास अडकण्याचा, जवळजवळ तिघांत एकाला. घशाचा मार्ग मिटतो, श्वास थांबतो, प्राणवायू घटतो, मेंदू दचकून जागा करतो आणि माणसाला सकाळी यातलं काही आठवत नाही. रात्रभर हे चालू राहिलं की रक्तदाब वाढतो, गोळ्यांनीही नीट आटोक्यात येत नाही. तुमच्या पत्नीला विचारा की घोरणं मध्येच थांबून एकदम धापेसारखा आवाज येतो का. येत असेल तर झोपेची तपासणी करून घ्या, ती हल्ली घरीही करता येते. निदान झालं तर रात्री नाकावर लावायचं हवेच्या दाबाचं यंत्र मिळतं. पहिले काही दिवस त्याचा वैताग येतो. नंतर सकाळी डोकं हलकं वाटतं म्हणून माणसं स्वतःच ते लावतात. चार तासांची झोप मात्र कुठलंही यंत्र भरून काढणार नाही.

त्या साडेबाराच्या वेळेबद्दलही बोलायला हवं. साहेब ठाण्यात आहेत तोवर कोण उठतं? ज्यांचं काम आठलाच संपलंय असे किती जण तुमच्या गाडीचा आवाज येईपर्यंत फाइल उघडी ठेवून बसतात, ते माहीत करून घ्या. आठवड्यातून दोन दिवस साडेआठला निघा आणि निघताना सगळ्यांच्या देखत निघा. पहिल्या आठवड्यात कुणाचा विश्वास बसणार नाही.

तपासणीचा निकाल येईपर्यंत रात्री गाडी स्वतः चालवू नका. झोपेच्या त्याच अभ्यासातल्या पोलिसांपैकी 26 टक्क्यांनी महिन्यातून निदान एकदा गाडी चालवताना डोळा लागल्याचं कबूल केलं होतं. चालक घ्या, फक्त त्याची ड्युटी सकाळी किती वाजता सुरू झाली ते गाडीत बसण्याआधी विचारा.